विसराळू लॅपटॉप आणि हिर्डोशीचे तात्या

माझ्या दुकानात पहिल्यांदाच येणारं गिऱ्हाईक दारात उभं राहून माझ्या डोक्यावरून पलीकडे बघतं. पलीकडे भिंत आहे आणि भिंतीवर कॅलेंडर आहे. कॅलेंडर वाचून झालं की ते मला विचारतं, "मेकॅनिक कुठं गेलेत?"

"जेवायला," मी सांगते. "बसा. काय झालंय ते मला सांगून ठेवा. ते आले की त्यांच्या कानावर घालते."

गिऱ्हाईक बसतं, सांगायला लागतं, आणि मी ऐकता ऐकता लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढायला घेते. काही जण घाबरतात. "अहो ताई, राहू द्या, ते येऊ द्या," असं म्हणून टेबलाला दोन्ही हात टेकून उभे राहतात. मी पंखा साफ करते, झाकण लावते, चालू करून दाखवते आणि लॅपटॉप त्यांच्या हातात देते. "येऊन गेले," म्हणते. भोरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत हा खेळ मी उमेदीची सगळी वर्षं खेळत आले. बाहेर पडलेलं गिऱ्हाईक चौकापर्यंत जाऊन थबकतं आणि वळून बघतं, ते बघायला मला अजूनही आवडतं.

आता गुडघ्यांनी संप पुकारलाय म्हणून दुकान अर्धाच दिवस उघडते. ते कळल्यावर या अंकाच्या संपादकांनी मला माझा संघर्ष लिहून मागितला. मी खूप आठवून पाहिलं. संघर्ष म्हणावा असा सापडेना, सगळी मजाच निघायला लागली. तेव्हा संघर्षाच्या जागी मी तापाचं लिहिते. लॅपटॉपच्या तापाचं.

आमच्या भागात लॅपटॉप बिघडत नाही, आजारी पडतो. "ह्याला लई ताप येतोय," "ह्याला दम लागतोय," "काल बसल्या बसल्या गेला," अशीच तक्रार घेऊन माणसं येतात. मीही मग डॉक्टरसारखी हाताच्या उलट्या बाजूने त्याचं अंग बघते. तपासायला ते निरुपयोगी असतं, पण गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

तापाला पहिलं औषध म्हणजे सफाई. पंख्याच्या जाळीत मला भाताचं तूस सापडलंय, राखुंडी सापडलीय, आणि दसऱ्याला हत्यारांबरोबर लॅपटॉपचीही पूजा झाल्यामुळे हळदकुंकू तर दरवर्षी सापडतं. दुसरं औषध मलमाचं. प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचं डोकं, त्याच्यावर तांब्याची पट्टी बसवलेली असते आणि दोघांच्या मध्ये एक मलम असतं. ते वाळलं की डोक्याची उष्णता बाहेर जाईनाशी होते. वाळलेलं खरवडून नवीन लावायचं. दहातले आठ रोगी एवढ्यावर उठून चालायला लागतात.

राहिलेल्या दोघांसाठी तिसरं औषध आहे, आणि ते माझं खास. कारखान्यात प्रोसेसर एकाच साच्यातून निघतात, पण सगळ्यांची भूक सारखी नसते. कंपनी प्रत्येकाला विचारत बसत नाही. लग्नाच्या पंगतीतला वाढपी जसा सगळ्यांच्या पानात एकेक डाव जास्तच टाकतो, तशी ती सगळ्यांना थोडा जास्तीचा व्होल्टेज वाढून मोकळी होते. कुणी उपाशी राहून बोंब मारायला नको. त्या जास्तीच्या वाढपाचीच उष्णता होते. माझं काम एवढंच, की पानावर हात आडवा धरायचा आणि म्हणायचं, बास. लॅपटॉपचा वेग तोच राहतो, काम तेच होतं, ताप तेवढा उतरतो आणि बॅटरीही जास्त टिकते.

हे करायला एक छोटासा प्रोग्राम असतो. त्यात आकडा थोडा थोडा खाली आणायचा आणि प्रत्येक वेळी प्रोसेसरला राबवून बघायचं. फारच खाली नेलं तर लॅपटॉप जागच्या जागी गोठतो. मग जरा वर यायचं. प्रत्येकाचा आकडा वेगळा, तो शोधण्यातच कसब.

आता यातली खोड सांगते. हे सगळं प्रोसेसर निमूट ऐकतो, पाळतो, आणि लॅपटॉप बंद करून चालू केला की साफ विसरतो. पुन्हा पहिल्यासारखा भरपेट वाढून घेतो. नव्या पोरांना ही खोड म्हणजे कटकट वाटते. मला ती देवाची कृपा वाटते, कारण चुकून वाईट आकडा दिला तरी बंद करून चालू केलं की पाटी कोरी. तरीही गिऱ्हाईक रोज उठून आकडा घालत बसणार नाही. म्हणून आकडा नीट पारखला गेला, की विंडोजला सांगून ठेवायचं: मालक आत शिरले की हा प्रोग्राम आपोआप चालव. मी त्याला आठवण्या म्हणते. रोज सकाळी प्रोसेसरच्या कानात कालचा आकडा सांगणारा माणूस. पण आधी चार दिवस विसरू द्यायचं आणि मगच आठवण्या नेमायचा, हा माझ्या दुकानाचा कायदा.

हा कायदा वेल्ह्याच्या एका फोटोग्राफरने मोडला. लग्नाचे व्हिडिओ जोडायचा तो. मी त्याचा आकडा लावून दिला तर विचारतो, "किती कमी केलं?"

"ऐंशी."

"शंभर करा की ताई. वेल्ह्यावरनं आलोय."

"हे मिलिव्होल्ट आहेत, भेंडी नाही."

"बरं, ना तुमचं ना माझं. नव्वद."

मी ऐंशीवरून हलले नाही. पण मी काय करते ते त्याने बघून ठेवलं होतं. घरी जाऊन त्याने दीडशे केलं आणि लगेच आठवण्याही नेमला. पुढच्या आठवड्यात लॅपटॉप लग्नातल्या शालीत गुंडाळून आणला. म्हणाला, "ताई, कुनीतरी करनी केली." चालू केला की पडद्यावर त्याचाच कॅमेरा घेतलेला फोटो यायचा, आठवण्या कानाशी लागायचा, आणि लॅपटॉप गोठायचा. पुन्हा चालू, पुन्हा फोटो, पुन्हा गोठला. "केली खरी करणी," मी म्हटलं, "आणि ज्याने केली त्याचा फोटोही येतोय." मग सेफ मोडमध्ये, म्हणजे जिथे वरचे प्रोग्राम चालतच नाहीत तिथे शिरून मी त्या आठवण्याला काढला. तेव्हापासून मी आठवण्याला थोडा उशिराच यायला सांगते. घोळ झालाच तर त्याला दारात अडवायला तेवढा वेळ मिळतो.

हे कसब आता उतरणीला लागलंय, याचं मला वाईट वाटतं. नव्या लॅपटॉपमध्ये कंपन्यांनी हे दारच बंद केलंय. जुन्यांनाही एखादं अपडेट येतं आणि आकड्याच्या खिडकीला कुलूप लागतं. सुरक्षेसाठी करतात म्हणे. असेलही. पण वाढप्याने आग्रह करत राहायचा आणि पानावर हात धरायचीही बंदी, हे काही मला पटत नाही.

असो. मी लिहायला बसले ती मनीषाच्या लॅपटॉपसाठी.

मनीषा हिर्डोशीची सून. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली. नवरा कापूरहोळला टेम्पोवर ड्रायव्हर, दोन-चार दिवसांआड घरी यायचा. घरी सासरे, त्यांना सगळे तात्या म्हणतात. सासू वारलेल्या. थोडं भात, थोडी नाचणी, आणि चांदी नावाची एक म्हैस. मनीषा पुण्यातल्या एका इंजिनियरच्या ऑफिसचं काम घरून करायची. नकाशावरून बंगला उभा करून दाखवायचा, भिंतीला रंग, खिडकीतून आत पडलेलं ऊन, दारातल्या झाडाची सावली, सगळं खऱ्यासारखं. असं एक मोठं चित्र तयार व्हायला लॅपटॉपला तासन् तास हिशेब करावा लागतो आणि त्यात त्याच्या डोक्याला घाम फुटतो. तिचा लॅपटॉप कॉलेजपासूनचा, अंगाने सडपातळ. चित्र अर्ध्यावर आलं की तापून बंद पडायचा आणि झालेलं सगळं पाण्यात जायचं.

मी तिन्ही औषधं दिली. चार दिवस आकडा पारखला, मग आठवण्या नेमला, दिवसभर दुकानात राबवला. थंडगार. मनीषा खूश होऊन गेली आणि आठवडा व्हायच्या आत परत आली.

"ताई, पुन्हा बंद पडला."

मी तिच्यासमोर चालू केला. आकडा जागेवर. बंद करून चालू केला. आकडा जागेवर. राबवला. पंखा नुसता गुणगुणत होता. दारात डॉक्टर बघून खोकला पळतो तसलं काहीतरी. मी तिला तिकडच्या लाइटवर एक व्याख्यान दिलं आणि पाठवून दिलं. ती पुन्हा आली. मी विंडोजच्या अपडेटवर व्याख्यान दिलं. ती पुन्हा आली. आता माझी व्याख्यानं संपली होती आणि तोराही. माझ्या दुकानात शहाण्यासारखा वागणारा लॅपटॉप हिर्डोशीला गेला की मला तोंडघशी पाडत होता.

त्या खेपेला मनीषा स्टुलावर बसून राहिली. उठेचना. म्हणाली, "ताई, शनिवारी हापिसात गिऱ्हाईक येनारे. तवर बंगला दिसला न्हाई तर साहेब म्हनलेत, सोमवारपासून पुण्यात येऊन बस, न्हाई तर काम ऱ्हाऊ दे."

"मग जा की पुण्याला. चांगलं आहे की."

"मामंजी एकटे ऱ्हात्याल. ते म्हनत्यात, जा पोरी, शिकलीस ती काय शेण भरायला? म्हशीला गिऱ्हाईक बी बघून ठिवलंय त्यांनी. रविवारी येनार हाय बघायला." तिने लॅपटॉपची पिशवी मांडीवर ओढली. "मला सांगत्यात की गुडघं दुखत्यात म्हनून इकतोय. आन म्हशीपाशी बसून तिच्याशी बोलत असत्यात. मी ऐकलंय."

तिचे डोळे भरले आणि मला स्वतःचा राग आला. लॅपटॉप माझ्याकडे येतो, मी लॅपटॉपकडे जात नाही, हाही माझ्या दुकानाचा एक कायदा होता. तो मी तिथेच मोडला. "उद्या सकाळच्या एसटीने मी येते," मी म्हटलं, "आणि तुझं घर बघते."

हिर्डोशीला उतरून वर चढेपर्यंत गुडघ्यांनी मला बऱ्याच शिव्या दिल्या. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचे, म्हणजे राबाचे दिवस होते, सगळ्या खाचरांतून धूर निघत होता. लॅपटॉपच्या तापाला हा धूर कारण असेल असं मी मनाशी घोकत चालले होते. नवीन व्याख्यान तयार होत होतं.

मनीषाचं ऑफिस गोठ्याच्या माळ्यावर. घरात रेंज नाही, अंगणात नाही, देवळापाशी एखादी दांडी. गोठ्याच्या माळ्यावर मात्र खिडकीशी भरपूर. त्यामुळे वर वैरणीशेजारी फळीचं टेबल, आणि खाली चांदी. पुण्याच्या साहेबांशी बोलताना मध्येच चांदी हंबरते. "साहेबांना वाटतं हॉर्न हाय," मनीषा म्हणाली. "मी बी सांगितलं न्हाई."

तिने लॅपटॉप चालू केला. आकडा जागेवर. चित्र लावलं. पंखा गुणगुणत होता, तापमान उत्तम. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. दूध उतू जाईल म्हणून बघत बसलं की ते वर येत नाही, तसंच हेही. काही होईना. तेवढ्यात खालून तात्यांची हाक आली, "सूनबाई, पाव्हन्यांना च्या द्या. घरात बसवा त्यांना."

आम्ही उतरलो, घरात जाऊन चहा घेतला. चांदीच्या दुधाचा चहा, कपाला साय धरत होती. ही म्हैस रविवारी जाणार, या विचाराने मला तो गोड लागेना. तात्या वैरण टाकायला गोठ्यात गेले होते. चहा आटोपून आम्ही परत शिडी चढलो.

माळ्यावर लॅपटॉप नव्हता. त्याच्या जागी तांबड्या फडक्यात बांधलेलं एक गाठोडं होतं, चारी टोकांची नीट गाठ मारलेलं, आणि वर झेंडूचं एक फूल.

मी बघत राहिले. मनीषाने काहीच झालं नसल्यासारखं फूल उचलून खिडकीत ठेवलं, गाठ सोडली, फडक्याची घडी घातली, झाकणाला हात लावून कपाळाला लावला आणि लॅपटॉप उघडला. चित्र जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. आणि आकडा शून्यावर होता, म्हणजे मी केलेली कपात साफ पुसलेली. बघता बघता पंख्याने सूर बदलला.

"थांबव," मी म्हटलं. "आधी थांबव ते. हे कुणी बांधलं?"

"मामंजींनी."

"कधीपासून बांधतात?"

"पयल्यापासून. मी उठले की बांधत्यात."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस?"

"त्यात काय सांगायचं, ताई? तुमी विचारलं, लाइट जाती का, अपडेट येतंय का. फडक्याचं तुमी कुठं विचारलं?"

खरंच होतं. आता वाचकांसाठी उलगडून सांगते. झाकण मिटलं की लॅपटॉप बंद होत नाही, झोपतो. उघडलं की जागा होतो आणि अर्धवट काम पुढे चालू करतो. पण झोपेतही तो आकडा विसरतो. आणि माझा आठवण्या तर फक्त मालक नव्याने आत शिरले की यायचा. नुसती डुलकी काढून उठलेल्याच्या कानाशी लागायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे मी सांगितलं नव्हतं. माझ्या दुकानात मी लॅपटॉप शेकडो वेळा बंद-चालू केला, पण झाकण मिटलं नाही. आमच्याकडे विद्येला एवढा मान कोण देतो?

मी खाली उतरून तात्यांकडे गेले. ते चांदीच्या पाठीवरून हात फिरवत होते.

"तात्या, तुम्ही ते झाकण का मिटता?"

"उगडी टाकू न्हाई, बाई. पोथी उगडी टाकून मानूस उठला की विद्या जाती."

"अहो, पोथी नाही ती. मशीन आहे."

"सूनबाई त्याच्यातच वाचती न्हवं?"

"हो."

"लिवती बी त्याच्यातच?"

"हो."

"पोट बी त्याच्यावर चालतंय?"

"हो."

"मग आनि पोथीत काय जास्ती असतंय?"

तात्यांनी म्हशीच्या कानामागची एक गोचीड काढली आणि म्हणाले, "आमच्या घरात विद्या कुनाच्या हाताला लागली न्हाई. म्या दुसरी पास. पोरगं धाव्वीत नापास झालं. हिच्या हाताला लागलीया. ती आमी उगडी टाकावी व्हय?"

वादात मी सहसा हरत नाही. त्या दिवशी हरले आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

वर येऊन मी दुसरा आठवण्या नेमला: लॅपटॉप डुलकी काढून उठला की यायचं. झाकण मिटून, उघडून पाहिलं. आकडा जागेवर. पण शनिवारचा प्रश्न एवढ्याने सुटत नव्हता. झोपलेला लॅपटॉप काम करत नाही, आणि हे चित्र पुरं व्हायला जवळजवळ दिवस लागणार. झाकण मिटलं तरी जागा राहा असं लॅपटॉपला सांगता येतं, पण फडक्यात बांधून राबवणं म्हणजे तापलेल्या माणसाला गोधडीत घालून पळवणं. झाकण उघडंच राहायला हवं होतं. मनीषाला तर पाणी, वैरण, राब, शंभर कामं.

पुन्हा तात्यांकडे. "तात्या, उद्या दिवसभर ते उघडं राहू द्या. एकच दिवस."

त्यांनी चांदीपुढे वैरणीची एक पेंढी सोडली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या म्हनता तर ऱ्हाऊ द्या. पर उगडी पोथी मोकळी सोडत न्हाईत. कुनीतरी ऐकाया बसावं लागतंय."

"मग बसा की तुम्ही," मी थट्टेने म्हटलं आणि दुपारची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनीषाचा फोन आला. ती हळू आवाजात बोलत होती. "ताई, मामंजी बसलेत."

"कुठे?"

"लॅपटॉपसमोर. आंघोळ करून, टोपी घालून, पोत्यावर मांडी घालून बसलेत. हात जोडल्यात. मला म्हनले, तू जा राबावर."

दुपारी पुन्हा फोन. लाइट गेली होती. आता लॅपटॉप बॅटरीवर, आणि जुनी बॅटरी. मनीषा रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, काही हात लावू नकोस, चालू दे. पूर्ण वाढपावर ती बॅटरी चहा होईपर्यंतही टिकली नसती. आता मी कमी केलेल्या आकड्याची परीक्षा होती. दुकानात समोर दोन गिऱ्हाइकं होती आणि मी त्यांना काय सांगत होते ते मला आज आठवत नाही. मोबाईलकडे बघत होते एवढं आठवतं. मागून फोनमध्ये फटफट असा आवाज येत होता. "ते काय वाजतंय?" मी विचारलं. "मामंजी टोपीनं वारं घालत्यात त्याला," मनीषा म्हणाली.

बॅटरी शेवटच्या घटका मोजत असताना लाइट आली. मी गिऱ्हाइकांना फुकट चहा पाजला. का, ते त्यांना अजून माहीत नाही.

संध्याकाळी तिसराच घोळ. चांदीची धारेची वेळ झाली आणि चांदी तात्यांशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाही. मनीषा भांडं घेऊन बसली तर लाथेने भांडं गव्हाणीत. तात्या उठायला तयार नाहीत, चित्र संपत आलेलं. शेवटी त्यांनी माळ्यावरच्या फटीतून खाली वाकून म्हशीशी बोलायला सुरुवात केली. "आलो गं बाई, आलो. अध्याय संपत आला. दे तिला, आपलीच हाय ती." ते वरून बोलत राहिले, आणि चांदी मान वर करून आवाज ऐकत राहिली, आणि तिने पहिल्यांदाच मनीषाला पान्हा सोडला. हे सगळं मनीषाने मला नंतर सांगितलं. सांगताना ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

चित्र पुरं झालं. पडद्यावर बंगला उभा राहिला, खिडकीतून ऊन, दारात झाडाची सावली. तात्यांनी नमस्कार केला, झाकण मिटलं, फडकं बांधलं आणि दोन्ही हातांनी गुडघे धरून शिडी उतरले. शनिवारी पुण्यातलं गिऱ्हाईक खूश झालं. साहेब म्हणाले, घरूनच कर. रविवारी म्हशीचं गिऱ्हाईक हिर्डोशीला आलं, त्याला तात्यांनी पेलाभर दूध पाजलं आणि एसटीला बसवून दिलं.

मी मात्र भोरमध्ये बरीच फुशारकी मारली. डुलकीनंतर येणारा माझा दुसरा आठवण्या, हिर्डोशीचं एक घर त्याने वाचवलं, वगैरे. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याने ते इतक्यांदा ऐकलं की तो मला बघून मशीन चालू करायचा.

भातं निघाल्यावर मनीषा आली. कीबोर्डची बटणं झिजली होती. बदलता बदलता सहज म्हणून मी माझा दुसरा आठवण्या बघितला. तो मेलेला होता. शनिवारचं काम पार पडल्यावर मनीषाने पासवर्ड बदलला होता, आणि बिचारा आठवण्या जुनाच पासवर्ड घेऊन दारात येत होता. त्याला आत कोण घेणार? सकाळचा पहिला आठवण्या मालकाच्या मागोमाग आत शिरतो, त्याला पासवर्ड लागत नाही, तो ठणठणीत होता. दुसरा इतके महिने नुसता नावाला.

"अगं, मग झाकण मिटल्यावर पुन्हा तापत नाही का?" मी विचारलं.

"मिटतच न्हाई, ताई. मी उठले की मामंजी बसत्यात. सांजच्याला नीट बंद केला की मगच बांधत्यात." ती हसली. "आता तर बोलत्यात बी. म्हनत्यात, लई बंगले ऐकले सूनबाई, पर एकात बी गोठा न्हाई."

मी नवा पासवर्ड घालून आठवण्याला जिवंत करायला घेतलं, तर मनीषाने माझा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, ताई," ती म्हणाली. "आपोआप हुतंय म्हनून कळलं तर ते बसायचं सोडत्याल. गुडघं धरून शिडी चढत्यात, पर माझ्याबरोबर वर येऊन बसत्यात. त्यांना घरात एकट्याला करमत न्हाई."

मी पडद्यावरची आठवण्याची खिडकी बंद केली. माझ्या हाताने बनवलेलं औषध बंद पडलेलं आणि मी ते तसंच ठेवलं, असं आयुष्यात एकदाच झालं.

मनीषा गेली आणि पाठोपाठ एक नवीन गिऱ्हाईक दारात आलं. तापलेला लॅपटॉप छातीशी धरलेला. त्याने माझ्या डोक्यावरून कॅलेंडर वाचलं आणि विचारलं, "मेकॅनिक कुठं गेलेत?"

"हिर्डोशीला," मी म्हटलं. "बंगला ऐकत बसलेत. धारेच्या वेळेपर्यंत काही उठायचे नाहीत. आणा इकडे, तोवर मी बघते."